गेंडा पाहायला लिस्बनला

ओहोटी लागली की बेलेंगच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी पुळणीचा एक तुकडा उघडा पडतो. आम्ही वसईकर, पाणी कधी चढेल नि कधी उतरेल हा हिशोब अंगातच असतो. तेजो नदी इथे समुद्राला मिळायच्या बेतात असते, म्हणून तिला भरती-ओहोटी आहे. दारापाशी लागलेली रांग सोडून मी पाण्याच्या कडेला उतरलो आणि मान वर करून शोधायला लागलो. मनोऱ्याच्या कोपऱ्यांवर टेहळणीचे छोटे बुरूज आहेत. त्यांतल्या पश्चिमेकडच्या एका बुरुजाच्या बुडाशी दगडाचं एक डोकं बाहेर आलेलं दिसतं. शिंग झिजून गेलंय. कान असावेत असं समजायचं. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं त्याचं जवळजवळ मेंढरू केलंय. पण तो गेंडा आहे, आणि तो आपल्या किनाऱ्यावरून गेलेला आहे.

त्याची हकिकत अशी. 1514 साली गोव्यात बसलेल्या पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकर्कनं गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याच्याकडे वकील धाडले. दीव बेटावर किल्ला बांधू द्या, एवढंच मागणं. सुलतानानं किल्ल्याला साफ नकार दिला, पण पाहुण्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून नजराणे दिले. त्यांत एक जिवंत गेंडा होता. हे धूड गोव्यात ठेवून करायचं काय? आल्बुकर्कनं ते जानेवारी 1515 मध्ये जहाजावर चढवून पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे रवाना केलं. 20 मे रोजी गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. नाव इकडून जे कानावर पडलं तेच ठेवलं, ‘गांदा’. आपला गेंडाच तो.

राजाकडे हत्ती आधीपासून होते. गेंडा आणि हत्ती हाडवैरी असतात असं जुन्या रोमन ग्रंथात लिहिलेलं, तेव्हा राजानं खरंखोटं करायचं ठरवलं. 3 जूनला राजवाड्याजवळ दोघांना समोरासमोर सोडलं. हत्ती पळून गेला. पुढे तो गेंडा पोपला भेट म्हणून निघाला आणि 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. साखळदंडानं बांधलेला असल्यामुळे पोहताही आलं नाही. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररनं मात्र एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन एवढ्या भांडवलावर त्याचं चित्र लाकडात कोरलं. अंगावर चिलखत घातल्यासारखा तो गेंडा पुढची दोन-अडीच शतकं युरोपला खरा वाटत राहिला. ड्यूररनं गेंडा पाहिला नव्हता. बेलेंगच्या पाथरवटांनी पाहिला असणार, कारण मनोऱ्याचं काम तेव्हाच, 1514 ते 1520 च्या दरम्यान, चालू होतं.

2025 च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं तिकडे गेलो, मी आणि माझी मोठी बहीण. माई ग्रंथालयातून निवृत्त झाली आहे आणि कुठल्याही गावाला गेली की आधी तिथले फलक वाचते. स्पेनला जोडून पोर्तुगाल करणाऱ्या यात्रा-मंडळ्या लिस्बनला एक दिवस देतात. मनोरा, मठ, अंड्याची गोड टार्टं, रात्री फादूचं गाणं, झालं. आम्ही नऊ दिवस राहिलो. पहिल्याच संध्याकाळी खोलीच्या जिन्यात टपालपेट्यांवरची नावं वाचून माई म्हणाली, “अरे, हा तर पापडीचा बाजार!” परेरा, लोपीस, कोरिया, आल्मेडा. वसईच्या दुकानांच्या पाट्या कुणी इथे आणून लावल्या असाव्यात तसं.

नावांचं सोडा, भाषेची तर त्याहून गंमत. पोर्तुगीज आम्हाला येत नाही. पण घरमालकिणीनं किल्ली देताना ‘शाव्ह’ म्हटलं आणि ‘चावी’ कुठून आली ते कळलं. बाजारात ‘कोव’ म्हणजे कोबी, ‘बताता’ म्हणजे बटाटा, ‘आनानाश’ म्हणजे अननस. आमचा पगार त्यांच्या ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे या क्रियापदातून आलेला. लिलाव, घमेलं, पिंप, फीत, मिस्त्री, नाताळ, आणि हो, तुरुंगही तिकडचाच. ‘त्रोंकु’ म्हणजे कैद्यांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. किती साधे शब्द आहेत! राज्यकर्त्यांची मोठाली बिरुदं गेली, भाषेत उरलं ते गवंड्याचं, स्वयंपाकघरातलं आणि कोठडीतलं. काउंटरवर ‘शामूसा’ मिळतो, तो आपला समोसा. गोव्याहून नि मोझांबिकहून आलेल्या लोकांनी तो आणला आणि आता तो लिस्बनच्या कॅफेत इतका मुरलाय की त्याच्याकडे कुणी परदेशी म्हणून बघत नाही.

आणि रूआ दु आर्सेनालवरचा तो वास! खारवून सुकवलेल्या कॉड माशाच्या, म्हणजे बाकाल्यावच्या दुकानापुढे पाऊल ठेवलं आणि मी थेट नायगावच्या खाडीवर. मासा उत्तरेच्या थंड समुद्रातला, नॉर्वे-आइसलँडकडचा; सुकटीची माया मात्र कोळीवाड्यातलीच. शाकाहारी वाचकांना इथेच सांगून टाकतो. ‘काल्दु व्हेर्द’ हे हिरव्या पानांचं सूप नावावरून निरुपद्रवी वाटतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते. विचारून घ्यावं.

बेलेंगला लिस्बननं आपला सगळा दर्यावर्दी इतिहास एका ओळीत मांडून ठेवलाय. जेरोनिमोसचा मठ त्यातला सगळ्यात देखणा. 1501 च्या सुमारास बांधायला घेतला आणि शंभरेक वर्षं काम चाललं. पैसा आला तो पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या कराचा, साधारण विसावा हिस्सा. त्याला मिऱ्यांची विसावी म्हणत. म्हणजे मलबारच्या मिरवेलींवर हे दगडी फुलोरे उभे आहेत. फुलोरेच म्हणायला हवेत. खांबांवर दोरखंड, पोवळी, शेवाळ, गोलयंत्रं असं काय काय कोरलंय, आणि ओवऱ्यांच्या दुमजली चौकात ऊन आलं की तो दगड मधासारखा दिसतो. देवळात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आहे. गामा 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीला वारला, पुरला गेला, मग त्याच्या अस्थी पोर्तुगालला आल्या, आणि 1880 मध्ये मोठ्या मिरवणुकीनं इथे. सगळे त्याच्याभोवती घोळका करतात. थोडं पुढे जाऊन वेदीजवळ पाहावं. राजा मानुएल आणि त्याच्या वारसांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. राजांना मेल्यावरही आपलं ओझं हत्तींनीच वाहायला हवं होतं.

मठ 1834 मध्ये सरकारजमा झाला, भिक्षू घराबाहेर पडले, आणि 1837 पासून शेजारच्या दुकानात त्यांच्या पाककृतीची टार्टं विकायला लागली. मठांत अंड्याचा पांढरा बलक कपड्यांच्या खळीला वापरत, पिवळा उरत असे. त्याचं काय करायचं यातून पोर्तुगालची निम्मी मिठाई जन्मली असं सांगतात. टार्ट गरमच खावं, वर दालचिनी भुरभुरून. दालचिनी कुठली, हे पुन्हा सांगायला नको.

नदीकाठचं शोधांचं स्मारक मला आवडलं नाही, आणि ते का ते सांगायला हवं. 1940 साली हुकूमशहा सालाझारच्या राजवटीनं भरवलेल्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं होतं. 1960 मध्ये राजपुत्र हेन्रीच्या पाचशेव्या स्मृतिवर्षात काँक्रीटमध्ये पुन्हा पक्कं बांधलं. जहाजाच्या नाळीवर दोन्ही बाजूंनी माणसं चढताहेत, सगळ्यांच्या नजरा समुद्राकडे. 1960 म्हणजे केव्हा? गोव्यात सत्याग्रहींवर गोळ्या झाडून पाच वर्षं झाली होती आणि गोवा जायला एक वर्ष राहिलं होतं. साम्राज्य हातचं निसटत असताना बांधलेलं हे स्मारक आहे, म्हणूनच त्याची छाती इतकी फुगलेली. त्याच्या समोर जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा आहे, त्यात गलबतं आणि सालं. शाळकरी पोरं त्यावर उड्या मारत होती. माई हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काढ फोटो. शोध लागलेली बाई म्हणून खाली लिही.”

तिथून जवळच, राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी प्रासादासमोर, उंच खांबावर आल्बुकर्क उभा आहे. ज्यानं 1510 मध्ये गोवा घेतला तो हाच, आणि हापूसला नाव मिळालं तेही याच आफोंसोवरून असं म्हणतात. एवढ्या उंचावरून त्याचा चेहरा दिसत नाही. आंब्याचा विचार करत आम्ही पुढे निघालो.

मुंबईकरांसाठी आणखी एक पत्ता. साओं व्हिसेंत द फोरा या टेकडीवरच्या मठात ब्रागांझा घराण्याची दफनभूमी आहे. तिथे कॅथरीन विसावली आहे, जिच्या लग्नाच्या 1661 च्या तहात मुंबई आंदण गेली. तिच्या नवऱ्यानं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं, ते आंदण 1668 मध्ये वर्षाला 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, आणि कॅथरीन विधवा होऊन लिस्बनला परतली. मुंबईचं पुढे काय झालं ते तिनं पाहिलं नाही. दालनात आमच्याखेरीज कुणी नव्हतं.

आता मूळ शहर. लिस्बन जुनं आहे, पण त्याचं पोट, म्हणजे बाइशा हा सखल मध्यभाग, अडीचशे वर्षांचाच आहे, आणि तो तसा का याची गोष्ट कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठी आहे. 1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांचा सण, सकाळचे पावणेदहा वाजत आलेले, देवळं माणसांनी भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या. धरणी हलली. छतं माणसांवर कोसळली. जे वाचले ते मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले आणि थोड्या वेळानं नदीच त्यांच्या अंगावर आली. आणि मेणबत्त्यांनी लावलेली आग पुढे पाच-सहा दिवस जळत राहिली. मेले किती, याचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. राजघराणं सकाळीच गावाबाहेर गेलं होतं म्हणून वाचलं. पण राजा जुझे यानं असा धसका घेतला की उरलेलं आयुष्य तो दगडी छपराखाली झोपला नाही. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकूड आणि कापडाचा राजवाडा उभारला. लोक त्याला शाही झोपडी म्हणत.

नदीकाठचा जुना राजवाडा गेला. त्यातली कासा दा इंदिया, म्हणजे पूर्वेकडच्या साऱ्या व्यापाराची कचेरी, तीही गेली आणि कागदही गेले. गोवा, चौल, वसई, दीव, कोची यांच्या अडीच शतकांच्या नोंदींतलं किती एका सकाळीत नाहीसं झालं याची मोजदाद होणार नाही. तिथे आज प्रासा दु कुमेर्सियु आहे, तीन बाजूंनी पिवळ्या कमानी आणि चौथीला नदी. जुनी माणसं अजून त्याला ‘तेरेइरु दु पासु’, राजवाड्याचं पटांगण, म्हणतात. राजवाडा नसून पावणेतीनशे वर्षं झाली तरी जिभेवर आहे, आपल्या शनिवारवाड्यासारखा.

नव्या शहराचं श्रेय मंत्री पोंबालला देतात, आणि ते द्यावंही. पण मला भावला तो मानुएल दा माया. सत्तरी ओलांडून ऐंशीकडे झुकलेला हा म्हातारा राज्याचा मुख्य इंजिनियर होता, आणि राज्याच्या दप्तरखान्याचा रखवालदारही. दप्तर किल्ल्याच्या बुरुजात असे, म्हणून नाव ‘तोर्र दु तोंबु’, नोंदवह्यांचा बुरूज. भूकंपात बुरूज कोसळला. म्हाताऱ्यानं ढिगाऱ्याखालून कागद उपसून काढले, लाकडी खोपटांत ठेवले, आणि मग शहराच्या नव्या आराखड्यांना हात घातला. सरळ रेघेतले रस्ते, सारख्या उंचीची घरं, आणि प्रत्येक घराच्या भिंतीत ‘गायोला’, म्हणजे पिंजरा. तिरक्या फुल्या मारलेली लाकडी चौकट. दगड ढासळला तरी पिंजऱ्यानं माणूस धरून ठेवायचा. नमुना उभा करून भोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली आणि तो किती हलतो ते पाहिलं. रस्ते धंद्यांना वाटून दिले. सोनारांचा, चांदीकारांचा, मोच्यांचा. पुण्याच्या पेठांत वाढलेल्याला तिथे परकं वाटायचं कारण नाही.

भूकंपाआधीचं शहर पाहायचं तर टाइलांच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावं. निळ्या-पांढऱ्या टाइलांचा सुमारे 23 मीटर लांबीचा एक पट्टा आहे, साधारण 1700 सालचा. त्यात नदीवरून दिसणारं सगळं लिस्बन घरं, गलबतं, धोब्यांसकट रंगवलंय. आणि भूकंपानं काय केलं ते पाहायचं तर कार्मुच्या मठात. कमानी उभ्या आहेत, छप्पर नाही. मुद्दामच पुन्हा घातलं नाही. आम्ही गेलो तेव्हा देवळाच्या मधोमध पाऊस पडत होता.

पावसावरून आठवलं. लिस्बनच्या पदपथांवर पांढऱ्या-काळ्या दगडांची नक्षी असते, बारीक चौकोनी खडे हातानं ठोकून बसवलेले. रोसियु चौकात तर लाटाच लाटा. ओल्या झाल्या की त्या साबणासारख्या निसरड्या होतात. रबरी तळव्याचे बूट न्यावेत. पिवळ्या 28 नंबरच्या ट्रॅमबद्दल सगळेच लिहितात, त्यामुळे मी एवढंच सांगतो की सकाळी लवकर बसावं आणि खिशावर हात ठेवावा. टेकडी चढणारे दोरखंडाचे डबे हाही इथला लाडका प्रकार. आम्ही ग्लोरियाच्या डब्यातून वर गेलो होतो. परतल्यावर सहा-सात महिन्यांनी, 3 सप्टेंबर 2025 ला, तोच डबा दोर सुटून घसरला आणि 16 माणसं गेली. बातमी वाचली तेव्हा माईनं फोन करून फक्त विचारलं, “आपण बसलो होतो ना रे त्यात?”

तोर्र दु तोंबु आता विद्यापीठाच्या आवारात आहे, 1990 पासून. किल्ल्यासारखीच जाड, बंद तोंडाची इमारत. यात्रा-मंडळी तिकडे फिरकत नाहीत. माईला मात्र तेच पाहायचं होतं. दगडी भिंतींच्या आत मानुएल दा मायानं वाचवलेले कागद आहेत. भूकंपानंतर पोंबालनं गावोगावच्या पाद्र्यांना पाठवलेल्या प्रश्नावलीची उत्तरंही. धक्का किती वेळ होता, समुद्र आधी चढला की आधी ओसरला, असे प्रश्न. गोव्याशी दरवर्षी होणाऱ्या पत्रव्यवहाराच्या ‘मान्सूनच्या वह्यां’पैकी काही इथे, बाकीच्या पणजीला. वाऱ्यावर टपाल चालायचं, म्हणून वह्यांचं नाव मान्सून. पणजीच्या वह्यांत आयुष्य घालवून पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. आपल्या घराण्याची कागदपत्रं शेजाऱ्याच्या फडताळात सापडावीत तसंच ते. शिवाजीमहाराजांचं एक चरित्र पोर्तुगीजमध्ये लिहिलं गेलं. लेखक कोस्मे दा गार्दा, मुरगावचा. ते छापलं गेलं 1730 साली, लिस्बनमध्ये. नऊ वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई घेतली.

त्या वसईच्या घंटा आता महाराष्ट्रातल्या देवळांत आहेत; नाशिकच्या नारोशंकराची तर साऱ्यांच्या ओळखीची. अल्फामाच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्या देवळांच्या घंटा एकदम वाजायला लागल्या तेव्हा माई थांबली, ऐकलं, आणि म्हणाली, “आवाज ओळखीचा आहे.” हिशोब बरोबर झाला असं मला तेव्हा वाटलं. शेवटच्या दिवसापर्यंत.

शेवटच्या दिवशी काइश दु सोद्रे स्थानकावरून कश्काइशची लोकल पकडली. नदीला लागून जाणारी सुंदर गाडी आहे. प्रवासी समुद्रस्नानाला शेवटपर्यंत जातात. आम्ही अलीकडे काशियशला उतरलो. टेकडीवर किल्ला आहे आणि किल्ल्यात तुरुंग. सालाझारच्या काळात राजकीय कैदी इथे ठेवत. 25 एप्रिल 1974 ला सैन्यानं राजवट उलथली आणि त्यानंतरच्या रात्री दारं उघडून कैद्यांना सोडलं, ते दृश्य पोर्तुगालला तोंडपाठ आहे. पण त्याआधीचा एक कैदी आपला होता. मोहन रानडे, मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात लढले, 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा 26 वर्षं. त्यांना पोर्तुगालला आणलं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण रानडे इथेच राहिले. आणखी सात वर्षं. कितीतरी काळ एकांतकोठडीत. देश स्वतंत्र, गोवा मुक्त, आणि त्यासाठी पकडलेला माणूस समुद्रापलीकडच्या या टेकडीवर कैदी. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं, तमिळ नेते अण्णादुराईंनी पोपकडे शब्द टाकला, आणि जानेवारी 1969 मध्ये ते सुटले. ‘सतीचे वाण’ हे त्यांचं आत्मकथन माईच्या ग्रंथालयात होतं. शेवटची कित्येक वर्षं ते कुणी नेलं नव्हतं, असं तिनं गाडीत सांगितलं.

किल्ल्याच्या एका भागात आजही तुरुंग चालू आहे. आत जाता येत नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलं. उंच भिंत, तारेचं कुंपण, निलगिरीची झाडं, खाली पाणी. माईनं पर्समधून बाटली काढली, दोन घोट प्यायली. “इथून समुद्र दिसत असेल का रे आतून?” तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत आम्ही उजव्या हाताला बसलो. बेलेंग आलं तसा मनोरा दिसला, भरतीच्या पाण्यात गुडघाभर उभा. पुळण बुडाली होती. गाडीतून गेंडा दिसणं शक्य नव्हतं.